होलोको: गाव बघायचं तर शेवटची बस गेल्यावर

आधी चिखलाचं सांगतो, कारण आम्हाला तो कोणीच सांगितला नव्हता.

होलोको हे हंगेरीच्या उत्तरेला, नोग्राद परगण्यातलं तीन-चारशे वस्तीचं खेडं. बुदापेस्टहून साधारण शंभर किलोमीटर. टूरवाल्यांच्या यादीत ते 'अर्ध्या दिवसाची सहल' असतं: बसने जा, एक रस्ता चाला, फोटो काढा, परत या. मला आणि मेहुण्याला तिथे चालत पोचायचं होतं, कारण देशभर फिरणारी केकतूरा नावाची पायवाट या गावातून जाते. अकराशे किलोमीटरहून लांब, 1938 पासूनची, झाडांवर पांढऱ्या पट्ट्यात निळी रेघ. वाटेत ठिकठिकाणी शिक्के असतात, ते वहीत उमटवत लोक वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्याने ती पुरी करतात. आम्ही पूर्वेकडून निघालो. सेंतकूतच्या तीर्थक्षेत्रातला मुक्काम, झरा, खडकात खोदलेल्या संन्याशांच्या गुहा, सगळं छान होतं. त्यात सांगण्यासारखी अडचण काही नाही, म्हणून पुढे जातो.

शामशोनहाझा गाव मागे पडलं आणि चेरहातच्या टेकड्या सुरू झाल्या. नकाशावर बघाल तर हसाल. या टप्प्यातले सगळ्यात उंच माथेही सहाशे मीटरच्या आतले. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्याला हे काय, असं आम्हीही म्हणत होतो. पण चढ हा प्रश्नच नाही. प्रश्न जमिनीचा आहे. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता, जंगलात लाकूडतोड चालू होती आणि ओंडके ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी वाटेचे दोन खोल चर करून ठेवले होते. माती चिकण, पिवळट, आणि ती बुटाला सोडतच नाही. दर दहा पावलांनी तळव्याखाली भाकरीएवढा लगदा. काठीने काढायचा, पुन्हा दहा पावलं. बाजूने जावं तर बाभळीसारखी काटेरी झाडं (ही अमेरिकेहून आणलेली जात, हंगेरीभर लावली आहे) आणि त्यांखाली ब्लॅकबेरीचं जाळं. शिवाय, जी झाडं तोडली त्यांच्यावरच्या निळ्या रेघाही गेल्या. एका फाट्यावर चारही दिशांना ट्रॅक्टरचे चर, खूण एकही नाही. माझ्या फोनवर ट्रॅक उतरवून घेतलेला होता म्हणून निभावलं. तुम्हीही घरूनच उतरवून घ्या, कारण दऱ्यांत रेंज जाते.

माझं मत स्पष्ट आहे: पाऊस पडून दोन दिवस कोरडे गेले नसतील तर हा टप्पा चालू नका. डांबरी रस्त्याने जा, नाहीतर बसने जा. कोणी म्हणेल चिखल काय, आपण सह्याद्रीत पावसाळ्यातच फिरतो. फिरा. पण सह्याद्रीत पायाखाली कातळ तरी असतो. आणि मे-जूनमध्ये गेलात तर पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली. गोचिड्या भरपूर आहेत आणि त्यांच्यातून मेंदूच्या तापासारखे आजार होतात, ही तिकडे गंमत समजत नाहीत. संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत तपासा. पाण्याची चिंता कमी, गावागावांत रस्त्याकडेला निळे हातपंप आहेत. काही बंद असतात, त्यामुळे एक बाटली जास्तीची.

मग एका वळणावर झाडी संपते आणि समोर किल्ला. तोपर्यंत इतका वैतागलो होतो की मेहुणा त्याच्याकडे न बघता बूट पुसत बसला.

किल्ल्याचं थोडक्यात. 1241-42 च्या मंगोल स्वारीत हंगेरी होरपळली, त्यानंतर राजाने सरदारांना दगडी किल्ले बांधायला लावले. हा त्यांतलाच, काचिच घराण्याचा. गावातली आख्यायिका अशी की सरदाराने शेजाऱ्याची बायको पळवून आणली, तिची दाई चेटकीण होती, तिने सैतानाला गाठलं आणि त्याच्या कावळ्यांनी दिवसा रचलेले दगड रात्री उचलून पलीकडच्या खडकावर नेले. 1552 मध्ये तो तुर्कांकडे गेला, मधे हात बदलत राहिला, आणि 1683 मध्ये, व्हिएन्नाचा वेढा उठल्यानंतर, पोलंडचा राजा सोबिएस्की याच्या फौजेने तुर्कांना कायमचं काढलं. बुरुजावरून दऱ्या दिसतात, त्यासाठी जा. आतल्या मेणाच्या पुतळ्यांसाठी जाऊ नका. तिकीट वेगळं, आणि गावातल्या प्रत्येक छोट्या संग्रहालयाचंही वेगळं. एकेक मिळून बराच आकडा होतो. त्यामुळे किल्ला आणि एक राहतं घर मांडलेलं संग्रहालय, एवढंच करा. बाकीची सोडली तरी चालेल.

आता गाव. फसगतीचा दुसरा भाग इथे. जाहिरातीत 'मध्ययुगीन खेडं' असं असतं. वस्ती किल्ल्याइतकीच जुनी आहे, यात खोटं नाही. पण आज जी घरं दिसतात ती 1909 नंतरची. त्या वर्षी मोठी आग लागली आणि गवताची छपरं असलेलं गाव जवळजवळ साफ जळालं. लोकांनी पुन्हा त्याच जागी, त्याच आखणीने बांधलं: खाली दगडाचा पाया, वर मातीच्या विटांच्या भिंती, चुन्याने पांढऱ्या, पुढे लाकडी खांबांची ओसरी आणि तिच्यावर नक्षी कापलेल्या फळ्या. फक्त छपरांवर आता कौलं आली. उतारामुळे तळघराचं दार रस्त्याकडे उघडतं आणि घर त्याच्या डोक्यावर बसतं. 1987 मध्ये बुदापेस्टच्या नदीकाठाबरोबरच हे गाव जागतिक वारसा यादीत गेलं, आणि नुसती घरं नाहीत, मागची पट्ट्या-पट्ट्यांची शेतं, द्राक्षमळे, फळबागा, कुरणं, रान धरून जवळजवळ 145 हेक्टर. मला तर ही जळून पुन्हा तशीच उभारल्याची गोष्ट त्या 'मध्ययुगीन' पाटीपेक्षा फार मोठी वाटते. ती पाटीवर का नाही, देव जाणे.

इथले लोक स्वतःला पलोत्स म्हणवतात, उत्तर हंगेरीतला हा एक समाज, बोलीचे उच्चारही वेगळे. जमिनीचे तुकडे इतके अरुंद की मुलगा वेगळा झाला की बापाच्या घरामागे घर बांधायचा, नातू त्याच्या मागे. म्हणून रस्त्यावरून एकच घर दिसतं आणि आत गेलं की मागे रांग. घरात एका ओळीत तीन खोल्या: रस्त्याकडे मोठी खोली, मधे चुलीची, ती पितार, आणि मागे धान्याची कोठी. जुन्या काळी मोठ्या कुटुंबात थोरले पुढच्या उबदार खोलीत झोपत. सुना, लेकरांना घेऊन, कोठीत. तिथे शेगडी नाही. उणे दहा-पंधराच्या हिवाळ्यातही नाही. तरणे पुरुष बरेचदा गोठ्यात, जनावरांच्या उबेला. संग्रहालयातली बाई हे सांगत होती तेव्हा आमच्या गटातला एकजण म्हणाला, किती छान, सगळे एकत्र राहायचे. मी बाईच्या तोंडाकडे बघत होतो. ती काही बोलली नाही, पुढच्या खोलीत निघून गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुण मंडळी शालगोतारयानच्या खाणी-कारखान्यांकडे आणि बुदापेस्टकडे गेली. जुनी घरं रिकामी पडू लागली, तेव्हा सरकारने ती विकत घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या भागातल्या बऱ्याच घरांत आज माणसं राहत नाहीत, दुकानं, खानावळी आणि पाहुण्यांच्या खोल्या आहेत. खरं गाव वर, नव्या वस्तीत: साधी चौकोनी घरं, अंगणात टोमॅटो, जळणाच्या ढिगाऱ्याला टेकवलेली सायकल. तिकडे कोणी पर्यटक फिरकत नाही. जा. मोठ्याने 'यो नापोत' म्हणा, उत्तर मिळतं. मात्र कुंपणावरून फोटो काढू नका, लोकांना ते आवडत नाही, आणि का आवडावं?

दुपारी अकरा ते चार जुन्या रस्त्यावर उभं राहायला जागा नसते. शेवटची बस गेली की पंधरा मिनिटांत सगळं रिकामं. कोशूत आणि पेतोफी हे दोन रस्ते जिथे फुटतात तिथे 1889 चं लाकडी मनोऱ्याचं छोटं देऊळवजा चर्च आहे, त्याच्या भिंतीला टेकून बसलो. पाय दुखत होते, पोट रिकामं होतं, आणि तरीही मी मेहुण्याला म्हणालो की युरोपात यापेक्षा चांगली संध्याकाळ मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी बरा झोपून उठल्यावरही मत तेच आहे, फक्त 'युरोपात' हा शब्द मागे घेतो. सांगायचं इतकंच: मुक्काम करा. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे गर्दी बघून येणं.

खाण्याचं. पाटीवर 'पारंपरिक पलोत्स सूप' दिसेल, मटण, फरसबी आणि आंबट सायीचं. चव उत्तम. पण ते गावातल्या आज्यांचं नाही. बुदापेस्टच्या गुंडेल नावाच्या हॉटेलवाल्याने, पलोत्स मुलखातून आलेले लेखक मिक्साथ यांच्यासाठी केलं असं सांगतात. शाकाहाऱ्यांनी जास्त सावध राहावं: बटाट्याच्या गोळ्यांची स्त्रापाच्का किंवा दह्यासारख्या चीजच्या पास्त्याची चुसा मागवली की वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे येतातच. 'सालोन्ना नेल्क्यूल', म्हणजे चरबीविना, हे दोनदा म्हणा. सगळ्यात बिनधास्त म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली पोळी, तिला इकडे मत्सोक म्हणतात. खानावळी लवकर बंद होतात, सातनंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका. सोमवारी तर दुपारीच शुकशुकाट असतो.

ईस्टरला जायचं असेल तर महिनेन् महिने आधी खोली धरा. ईस्टर सोमवारी रिवाजाप्रमाणे तरुण मुलींवर विहिरीच्या पाण्याच्या बादल्या ओततात, बायका थर-थर घागऱ्यांत आणि मणी लावलेल्या टोप्यांत असतात. त्या दिवशी गावात शिरायलाच तिकीट असतं. रंग बघायला उत्तम, गाव बघायला वाईट. हिवाळ्यात दगडी फरशीचा उतार बर्फाने काचेसारखा होतो, खाचा असलेले बूट नसतील तर जाऊच नका.

आता टॅक्सी, कारण तिथे आमचे पैसे गेले. परतताना मेहुण्याचा गुडघा धरला. पास्तोच्या रेल्वे स्टेशनपर्यंत टॅक्सी बोलावली. फोनवर जो आकडा सांगितला तो उतरताना दुप्पट झाला. आमच्या बुटांचा चिखल, म्हणे, म्हणून सफाईचे वेगळे. पंधरा मिनिटं वाद घालून थोडेच कमी झाले. बसण्याआधी रक्कम फोरिंटमध्ये कागदावर लिहून घ्या, आणि सामानाचे, चिखलाचे, रविवारचे काही वेगळे नाहीत हे त्याच कागदावर. युरो देऊ नका, भाव त्यांच्या मनचा लागतो.

टॅक्सीची गरज पडूच नये म्हणून: बुदापेस्टमध्ये पुश्काश स्टेडियमजवळच्या बस-स्टँडवरून थेट बस आहे, साधारण दोन तास. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि ती चुकली तर सेचेनला उतरून गाडी बदलावी लागते, तिथला मधला वेळ तास-दीड तासही होतो. सेचेनच्या स्टँडवर बसायला बाक आहे, खायला फारसं काही नाही. परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या कागदावर बघून ठेवा.