लंडनचं बिऱ्हाड

भाड्याने राहिलेल्या माणसाला करार संपत आला की पोटात कसं होतं ते सांगायला नको. मालकाचा फोन आला की आधी बायकोकडे बघायचं मग उचलायचा. पण हे आपल्यासारख्यांचं झालं, नव्वद लाखाच्या आसपास वस्तीच्या लंडन शहराचा महापौर पण वीस वर्षं भाडेकरूच होता हे मला इथे राहायला आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. टॉवर ब्रिजच्या शेजारी थेम्सकाठी ती तिरकी काचेची बिल्डिंग आहे ना, येणारे सगळे पाहुणे जिच्यासमोर फोटो काढतात, ती म्हणजे तेव्हाचा सिटी हॉल, महापौरांचं ऑफिस, आणि चक्क भाड्याची जागा! आपल्या मुंबई महापालिकेचं बोरीबंदरसमोरचं मुख्यालय 1893 पासून जागचं हललेलं नाही, त्यामुळे शहराचा कारभार म्हणजे स्वतःची दगडी वास्तू हे डोक्यात फिट बसलेलं असतं.

तशी लंडनची पण होती हो, आणि साधीसुधी नव्हती. संसदेच्या बरोबर समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर काउंटी हॉल, राल्फ नॉट नावाच्या आर्किटेक्टने स्पर्धा जिंकून डिझाइन केलेला, 1922 साली राजा पाचव्या जॉर्जने उद्घाटन केलेला. भांडणाचं मूळ एका अर्थी तो पत्ताच. ऐंशीच्या दशकात तिथे केन लिव्हिंगस्टन यांचा डावा गट बसला आणि संसदेत मार्गारेट थॅचर, आणि या लोकांनी काय केलं तर काउंटी हॉलच्या छपरावर लंडनमधल्या बेकारांचा आकडा भल्यामोठ्या अक्षरांत लावून ठेवला, म्हणजे पलीकडे खासदार गच्चीवर चहा प्यायला आले की समोर तोच. शेजाऱ्याने रोज आपल्या खिडकीत आरसा धरावा तसं. थॅचरबाईंनी मग आरसा काढा वगैरे न म्हणता शेजारीच काढून टाकला, 31 मार्च 1986 ला ग्रेटर लंडन कौन्सिल, म्हणजे काउंटी हॉलमधून सगळ्या लंडनचा कारभार बघणारी ती संस्था, कायद्याने बरखास्त. इमारत पुढे एका जपानी कंपनीने घेतली आणि आज तिथे मत्स्यालय आहे, हॉटेलं आहेत, पोरांना घाबरवायचे शो आहेत, आणि जिथे नगरसेवक भांडायचे त्या सभागृहात 2017 पासून कोर्टातल्या खटल्याचं नाटक चालू आहे. प्रेक्षक तिकीट काढून नगरसेवकांच्याच दालनात बसतात. म्हणजे आवाज चढवून बोलायची परंपरा तरी शाबूत राहिली म्हणायचं.

मग 14 वर्षं अख्ख्या लंडनचा असा कोणी वालीच नव्हता, 32 बरो, म्हणजे भागाभागाच्या पालिका, आपापलं बघत होते. 1998 ला महापौर हवा का यावर सार्वमत झालं, 2000 साली पहिली महापौर निवडणूक, आणि निवडून कोण आलं तर तेच लिव्हिंगस्टन! भाषणाची सुरुवात काय केली, तर 14 वर्षांपूर्वी इतक्या उद्धटपणे माझं बोलणं तोडलं गेलं त्याआधी मी सांगत होतो की... माणूस खवचट असावा तर असा.

पण बोलायला जागा कुठे होती, पहिली दोन वर्षं वेस्टमिन्स्टरमधल्या एका ऑफिसात तात्पुरता संसार. कायमची जागा सरकारनेच ठरवून ठेवलेली, महापौर निवडून यायच्या आधीच. बिल्डरने बांधायची, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरनी डिझाइन करायची आणि शहराने 25 वर्षांच्या लीजवर घ्यायची. 2002 च्या जुलैत राणीने उद्घाटन केलं. दहा मजली, जवळजवळ 45 मीटर उंच, आणि सरळ उभं राहणं माहीतच नाही. दक्षिणेकडे कललेली, म्हणजे वरचा मजला खालच्याच्या थोडा पुढे येतो आणि त्याच्यावर सावली धरतो. गोलसर आकार पण उगाच नाही, तेवढीच जागा चौकोनी खोक्यात बांधली असती तर बाहेरचा पृष्ठभाग बराच जास्त झाला असता आणि तेवढी उष्णता आत-बाहेर गेली असती. जमिनीखालचं गार पाणी बोअरने वर ओढून त्यावर ऑफिसं थंड करायची आणि तेच पाणी पुढे संडासच्या फ्लशला, हे वाचून मला आपल्याकडच्या कुठल्यातरी काटकसरी आजींनी सल्ला दिला असावा असंच वाटलं. लोकांनी मात्र अंडं म्हटलं, कांदा म्हटलं, लिव्हिंगस्टननी स्वतः ठेवलेलं नाव फॅमिली ग्रुपवर टाकण्यासारखं नाही, आणि नंतर आलेले बोरिस जॉन्सन, पक्ष वेगळा, विचार वेगळे, पण नाव ठेवताना त्याच अवयवावर येऊन थांबले.

आत 25 सदस्यांच्या असेंब्लीचं सभागृह आणि त्याच्या वरून गोल गोल चढत जाणारा अर्धा किलोमीटरचा रॅम्प, कल्पना अशी की जनता वरून चालत राहील आणि खाली आपले प्रतिनिधी दिसतील. कल्पना म्हणून झकास. पण मला विचाराल तर खरी लोकशाही तळमजल्याच्याही खाली होती, तिथे जमिनीवर सगळ्या लंडनचा विमानातून काढलेला फोटो अंथरलेला, भलामोठा, त्यावर चालायचं. सूटबूटवाली माणसं गुडघ्यावर बसून स्वतःची गल्ली शोधायची, पोरं थेम्सवरून उड्या मारायची. मी पण वाकून आधी स्वतःचं छप्पर शोधलं आणि मग डॉलिस हिल, कारण तिथे आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. 1932 साली स्थापन झालेलं मंडळ, स्वतःच्या जागेत! आणि शहराचा महापौर लीजवर. हे मी इथल्या मित्रांना दोन-चारदा ऐकवून घेतलं आहे.

2013 ला हा सगळा परिसर कुवेतच्या मालकीच्या कंपनीने सुमारे 170 कोटी पाउंडांना घेतला, म्हणजे घरमालकच बदलला. भाडं आणि मेंटेनन्स मिळून वर्षाला 1 कोटी 10 लाख पाउंडांच्या वर जात होतं आणि 2021 अखेर अजून वाढणार होतं. करारात वीस वर्षांनी बाहेर पडायची मुभा होती, तेवढ्यात कोविड आला, तिजोरीला भोक पडलं आणि महापौर सादिक खाननी हिशोब मांडला की निघालो तर पाच वर्षांत 5-6 कोटी पाउंड वाचतात. झालं, बांधाबांध सुरू. सेल्फी पॉइंट गेला म्हणून हळहळणारे बरेच होते, पण सेल्फीसाठी एवढं भाडं कोण भरतं? मला तर निर्णय पटला.

2022 च्या सुरुवातीला बिऱ्हाड गेलं पार पूर्वेला, रॉयल डॉक्सला, द क्रिस्टल नावाच्या इमारतीत. ती सीमेन्सने 2012 ला प्रदर्शनासाठी बांधलेली, पण आता शहराच्या मालकीची, म्हणजे हवे तेवढे खिळे मारा. रस्त्याचं सीमेन्सवालं नाव पण बदललं, आता कमल चुंची वे. चुंची सिलोनमध्ये जन्मलेले, 1926 ला याच भागात काळ्या आणि आशियाई खलाशांसाठी, त्यांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली, कारण तेव्हा गोदीतल्या या माणसांना कोणी दारात उभं करत नव्हतं. आज महापौरांना पत्र घालायचं तर त्यांचं नाव लिहावं लागतं, आणि हे मला त्या तिरक्या काचेपेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

बाकी गैरसोय आहेच. डीएलआर, म्हणजे पूर्व लंडनची छोटी लोकल, पकडा, नाहीतर मग केबल कारने तरंगत या, आणि मुळात क्रिस्टलमध्ये सगळा स्टाफ मावतच नाही. त्यामुळे बऱ्याच जणांची टेबलं युनियन स्ट्रीटला महापौरांच्याच हाताखालच्या लंडन फायर ब्रिगेडच्या मुख्यालयात लावली आहेत. एवढं स्वतःचं घर केलं तरी अर्धा संसार अजून घरच्यांकडेच ठेवलेला.