तीन पाळ्या आणि एक पदवी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मशीन ऑपरेटर म्हणून काम करतानाच मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, हे समजल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : अभ्यासाला वेळ कसा काढलात? खरे सांगायचे तर वेळ निघत होता, मात्र तो रोज एकाच ठिकाणी सापडत नव्हता. एक आठवडा पहिली पाळी, पुढचा दुसरी आणि त्यानंतर रात्रपाळी, अशा चक्रात झोपेची घडी बसते न बसते तोच पाळी बदलते, आणि कालपर्यंत अभ्यासाची असलेली संध्याकाळ आज यंत्रासमोर जाते.

मुंबईत 1946 साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळी वर्ग भरवून नोकरी करणाऱ्यांची सोय पाहिली. ज्याची कचेरी रोज ठरलेल्या वेळी उघडते, त्याच्यासाठी ती सोय मोलाची होती. पाळीवाल्याला मात्र सकाळही स्वतःची नसते. 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने रोजच्या वर्गांचे बंधनच काढले, म्हणून माझ्यासारख्याला पदवीची वाट खुली झाली. विद्यापीठाची पुस्तके लहान लहान घटकांत विभागलेली असल्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही काहीतरी वाचून होत असे. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा घटक हाती घ्यायचा नाही, केवळ गृहपाठ लिहायचे, हा नियम मी पहिले वर्ष जवळजवळ वाया घालवल्यानंतर स्वतःला घालून घेतला. (त्या वर्षी इतिहासाचे एकच पान मी किती वेळा उघडले असेल, ते त्या पानावरचे चहाचे डाग सांगतील.)

खरी अडचण संपर्कसत्रांची, म्हणजे शिक्षकांसमोर बसून शिकण्याच्या तासांची होती. अभ्यासकेंद्रावरील सत्रे रविवारी आणि आमची साप्ताहिक सुट्टी मात्र दुसऱ्याच वारी. त्यामुळे प्रत्येक सत्रासाठी कोणाशी तरी पाळी बदलून घ्यावी लागे, आणि बदलून घेतलेली पाळी हे कर्जच असते. एका सहकाऱ्याने माझ्यासाठी इतके रविवार काढले की, मी त्यांचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर ठेवत असे आणि गणपतीत, दिवाळीत त्याच्या जागी उभा राहून तो फेडत असे. मुक्त शिक्षणात विद्यार्थ्याला वेळापत्रकापासून मोकळीक मिळते असे म्हणतात, ते खरे आहे; पण ते वेळापत्रक जुळवण्याचे ओझे मग त्याच्यावर, त्याच्या घरच्यांवर आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसावर येते, याचा उल्लेख मला कुठल्याही माहितीपत्रकात आढळला नाही.

परीक्षेसाठी रजा मागताना आमच्या पर्यवेक्षकांनी ‘परीक्षा तुमची, उत्पादन कंपनीचे’ असे ऐकवले होते. मला राग आला, तरी ते अगदीच चूक बोलत होते असे नाही. दुसऱ्या वर्षापासून मी परीक्षेचे वेळापत्रक हाती येताच अर्ज देऊ लागलो आणि हक्काची रजा वर्षभर त्यासाठीच राखून ठेवली. गावच्या जत्रेला तीन वर्षे गेलो नाही.

आता कारखान्यातील कोणी प्रवेशाबद्दल विचारायला आला, तर शुल्काची चौकशी तो स्वतः करतोच. बारावी झाली नसेल तर त्याला मी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची माहिती देतो. त्यानंतर विचारतो, रविवारी तुझ्या जागी कोण उभा राहील? बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो, आणि मग आम्ही दोघे पाळ्यांचा तक्ता घेऊन बसतो.