डायनिंग टेबलावरची शर्यत

आमच्या ताईकडे सध्या रात्री साडेआठनंतर डायनिंग टेबल थरथरतं. आधी लोणच्याची बरणी बारीक किणकिणायला लागते, मग चमच्यांचा स्टँड, आणि मग स्वयंपाकघरातून ताई ओरडते, "ओंकार, हळू चालव रे!" ओंकार माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्यानं एक सेकंडहँड स्टिअरिंग व्हील आणलंय. खाली तीन पेडल्स, आणि व्हील टेबलाच्या कडेला स्क्रू पिळून आवळलेलं. त्याच्या पोटात मोटर आहे. गेममधली गाडी रस्त्याकडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर चढली की मोटर व्हील हलवते, व्हील टेबल हलवतं आणि टेबल बरणी हलवतं. जर्मनीतल्या रस्त्याचे उंचवटे अशा रीतीनं सिंहगड रोडवरच्या कैरीच्या लोणच्यापर्यंत पोचतात.

तो रस्ता म्हणजे न्यूरबर्गरिंगचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफ. जंगलातून, डोंगरातून वर-खाली जाणारा, एका फेरीला २० किलोमीटरच्या वर. ओंकार 'असेटो कोर्सा' नावाचा इटालियन गेम खेळतो. त्यातले बरेच ट्रॅक लेझरनं मोजून घेतलेत, म्हणजे खऱ्या रस्त्यावर जिथे उंचवटा तिथेच गेममध्ये उंचवटा. (आपल्याकडचा एखादा रस्ता असा मोजून ठेवला तर पहिल्या पावसानंतर ती फाइल रद्दीत जाईल.) गेले तीन आठवडे हा मुलगा एका वळणाच्या मागे लागलाय. एकच वळण. तिथे पोचायचं, ब्रेक उशिरा लागायचा, गाडी गवतात जायची, की परत पहिल्यापासून.

"यात मजा काय आहे?" मी एकदा विचारलं.

"मावशी, हे रिअल आहे. तुमचं ते रोड रॅश म्हणजे आर्केड होतं."

'आर्केड' हा शब्द त्यानं ज्या सुरात उच्चारला, त्याच सुरात आमच्या गाण्याच्या बाई 'फिल्मी' म्हणायच्या.

आता रोड रॅश या आमच्या लहानपणच्या बाइकशर्यतीच्या गेमबद्दल कुणी असं बोललं की माझ्यातली दहा-अकरा वर्षांची मुलगी हमरीतुमरीवर येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला मामाकडे आम्ही सात भावंडं आणि एक कॉम्प्युटर. त्यावर मामीनं विणलेलं क्रोशाचं झाकण. ते सन्मानानं घडी घालून ठेवल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा घरातला कायदा. खेळायचा नियम 'पडेपर्यंत'. तुमची बाइक पडली की खुर्ची पुढच्याची. पण पडला म्हणजे नेमकं काय, यावर जी भांडणं व्हायची ती दुपारच्या झोपा मोडायची. कारण रोड रॅशमध्ये माणूस पडला तरी मरत नसे. हवेतून वीस-पंचवीस फूट उडायचा, रस्त्यावर घासत जायचा, उठायचा आणि आपल्या बाइककडे धावत सुटायचा. आम्ही सगळे खुर्चीमागून "पळ, पळ, पळ!" असं ओरडायचो. शर्यतीपेक्षा ते धावणंच जास्त लक्षात राहिलंय. शेजारून जाणाऱ्याला लाथ घालायची, त्याच्या हातातली साखळी हिसकावून त्यालाच मारायची, आणि मागून पोलीस आला की त्यालाही सोडायचं नाही. रस्ते सगळे कॅलिफोर्नियातले. सिएरा नेवाडा, पॅसिफिक कोस्ट हायवे, नापा व्हॅली. नापा व्हॅलीत वाइन होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझ्या लेखी तिथे फक्त टकरी होत होत्या. बाइकला गिअर असतात, क्लच असतो, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. दोन बाण आणि जोर, एवढ्यावर आमचं भागायचं.

ओंकारच्या त्या 'आर्केड' शब्दामागे मात्र एक सरळ हिशेब आहे, आणि तो गल्ल्याचा आहे. हे खेळ घरात येण्याआधी दुकानातल्या पेटीत होते. नाणं टाकलं की खेळ सुरू. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस रमला नाही तर तो शेजारच्या पेटीकडे जाणार. आणि तासभर त्याच नाण्यावर बसून राहिला तर मालक बुडणार. म्हणजे लगेच जमलं पाहिजे, पण फार वेळ जमता कामा नये. ज्यानं जन्मात गाडी चालवली नाही त्यालाही दहाव्या सेकंदाला आपण निष्णात आहोत असं वाटलं पाहिजे, आणि तिसऱ्या मिनिटाला खिशात दुसरं नाणं आहे का हे त्यानं चाचपलं पाहिजे. टायर गरम झाले का, पेट्रोल किती उरलं, हे विचारायला त्यात सवड कुठली?

याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे सेगा या जपानी कंपनीचा 'आउट रन', १९८६ चा. यू सुझुकी या माणसानं तो केला, आणि त्यासाठी तो युरोपात भाड्याच्या गाडीनं हिंडून आला होता. लाल रंगाची उघडी गाडी, शेजारी सोनेरी केसांची बाई, आणि निघण्याआधी करायचं महत्त्वाचं काम म्हणजे रेडिओवर कुठलं गाणं लावायचं ते ठरवणं. तीन सुरावटींतली एक निवडा आणि निघा. पुढे रस्ता फुटतो, डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, तुमची मर्जी. गाडी आपटली तर कोलांट्या खाते, दोघं बाहेर फेकले जातात, आणि पुन्हा गाडीत बसून निघतात. बाईच्या केसाला धक्का नाही. पहिलं यायचं नाहीच आहे, शत्रू एकच, वरचं घड्याळ. मी हा खेळ पुष्कळ उशिरा, कॉलेजात असताना कुणाच्या तरी लॅपटॉपवर खेळले. आम्ही अलिबागला जाताना गाडीत बसल्यावर पहिली वीस मिनिटं जे वाटतं ना, पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये अडकायच्या आधीचं, तेवढंच त्यानं काढून बाटलीत भरलंय. सहलीची सुरुवात आणि फक्त सुरुवात.

दुसऱ्या पंथाचे, म्हणजे ओंकारसारखी 'रिअल' गाडी हवी असणारे लोक वेगळ्या मातीचे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनवर 'ग्रान टुरिस्मो' आला. काझुनोरी यामाऊची आणि त्याची मंडळी त्यासाठी पाच वर्षं खपली होती. मोठ्या शर्यतींत उतरायचं तर आधी लायसन्स काढा! गाडी सुरू करायची आणि आखून दिलेल्या चौकटीत थांबवायची, ही पहिली परीक्षा. खेळात परीक्षा घालायची आणि तरी एक कोटीच्या वर प्रती खपवायच्या, हे जपानी लोकच करू जाणे. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत 'ग्रांप्री लेजंड्स' आला. त्यानं तर १९६७ सालच्या फॉर्म्युला वनच्या गाड्या दिल्या: बारीक टायर, गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख नाहीत, ताकद मात्र मुबलक. बहुतेकांची पहिली संध्याकाळ पहिल्याच वळणावर गोल फिरण्यात गेली. तो खेळ चालला नाही फारसा, पण ज्यांना लागला त्यांना असा लागला की पुढे तो करणाऱ्यांपैकीच एकानं आजचा 'आयरेसिंग' हा ऑनलाइन शर्यतींचा गेम उभा केला.

या पंथाचं सगळं तत्त्वज्ञान टायरमध्ये आहे. ओंकारनं मला ते समजावलं तेव्हा मी त्याला घरखर्चाच्या भाषेत परत सांगितलं आणि त्याला ते पटलं. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. तो ठरलेला. सगळा ब्रेकवर उडवलात तर वळायला काही उरत नाही. सगळा वळण्यात घातलात तर ब्रेक लागत नाही. म्हणून सरळ रस्त्यावर आधी ब्रेकची उधारी फेडायची, मग जसजसा ब्रेक सोडाल तसतसा पैसा वळणाकडे वळवायचा. ओंकार तीन आठवडे त्या वळणावर गवतात जात होता कारण तो दोन्हीकडे एकदम खर्च करत होता. व्हील त्याला सांगतही होतं: पुढच्या टायरची पकड सुटली की स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं. आर्केडमध्ये मात्र पगार अमर्याद. ब्रेकला नुसता पाय लावा, गाडी आडवी होऊन वळण घेते आणि वेग तसूभर कमी होत नाही.

आणि हे शिकणं खोटं नाही. ग्रान टुरिस्मोवाल्यांनी निस्सानबरोबर २००८ मध्ये खेळाडूंमधून खरे ड्रायव्हर निवडायची स्पर्धा काढली. ती जिंकलेला स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ २०११ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. हे ओंकारनं ताईला सांगितल्यापासून ताई टेबलाबद्दल जरा मवाळ झाली आहे. मुलगा वाया चाललेला नाही, एवढं तिला कळलं.

तरी 'रिअल' या शब्दावर माझं घोडं अडतंच. मी गाडी शिकले तेव्हा शिकवणारे काका म्हणायचे, "ताई, गाडी डोळ्यांनी नाही, बुडानं चालवायची." तेव्हा मी लाजले होते. पण पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढताना पुढचा ट्रक थांबला, मागे दुसरा ट्रक येऊन चिकटला आणि माझी गाडी हाफ क्लचवर कापायला लागली, तेव्हा काकांचं म्हणणं बुडालाच कळलं. गाडी मागे सरकायच्या आधी सीट सांगते. जळक्या क्लचचा वास सांगतो. ओंकारच्या गेममध्ये हे सगळं गाळलंय; डोळे आणि मनगटं एवढ्यावर त्याची गाडी चालते, खाली खुर्ची आपली जेवणाची, गप्प. आणि भीती तर नाहीच. मग रिअल ते काय? शिवाय त्या काकांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही क्लच-ब्रेक होते. पंधरा दिवस मला वाटत होतं की मी चालवतेय. ते खरं आर्केड!

खेळात माणसाला सांभाळून घ्यायची ही रीत आपल्याला नवी नाही म्हणा. घरातल्या सगळ्यात धाकट्याला आपण 'लिंबू-टिंबू' करतो, तो बाद होत नाही. 'मारिओ कार्ट'नं अख्ख्या शर्यतीलाच लिंबू-टिंबू केलंय. मागे राहिलेल्याला चांगली हत्यारं मिळतात, आणि पहिल्याच्या डोक्यात निळं कासव येऊन आदळतं. अनेक खेळांत तुम्ही फार पुढे गेलात तर मागच्या गाड्या आपोआप पळायला लागतात आणि तुम्ही रडत असलात तर त्या रेंगाळतात. ओंकारला याची चीड आहे. मला हे भावंडांसारखं वाटतं.

पण त्याची चीड मला खरी कळली ती एका संध्याकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसून आले तेव्हा. उलट्या दिशेनं तिघं एका गाडीवर येत होते. रिक्षावाल्यानं वळायचं म्हणून हात नव्हे, पाय बाहेर काढला, आणि क्षणभर मला वाटलं आता लाथ बसणार. डावीकडून एक काका, काखेत छत्री आडवी धरून, साखळीवाल्यासारखे घुसले. पुढे दुभाजकावर एक गाय. मी मनात म्हटलं, अरे, हे तर नापा व्हॅली! फक्त पडलो तर उठून धावता येणार नाही. दिवसाला दोनदा हे पोरगं रोड रॅश खेळतं आणि घरी येऊन असा एक रस्ता उघडतं जिथे सगळे एकाच दिशेनं जातात, निळा झेंडा दिसला की मागच्याला वाट देतात आणि नियम मोडला की शिक्षा होते. आम्हाला साताऱ्याच्या रिकाम्या दुपारी दंगा हवा होता, याला शिस्त हवी आहे. स्वप्नरंजन दोघांचंही. त्याचं माझ्यापेक्षा जास्तच अशक्य आहे.

साताऱ्यातला माझा आठ वर्षांचा दुसरा भाचा या वादात नाहीच. तो मोबाइलवर इंडोनेशियातला बसचा गेम खेळतो. त्यात आपल्या आवडीचा रंग बसला देता येतो, म्हणून त्याची बस लालपरी आहे. इंडोनेशियातही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे सगळं बेमालूम जमतं. तो शर्यत लावत नाही. स्टॉपवर थांबतो, तोंडानं घंटी वाजवतो, निघतो.

एक गोष्ट मात्र मी दोन्ही पंथांकडून उसनी मागेन, ती म्हणजे मागे जायचं बटण. २००८ च्या 'ग्रिड'मध्ये ते होतं: आपटलात की दृश्य उलटं फिरवायचं आणि वळणाआधी परत यायचं, पण शर्यतीत मोजक्याच वेळा. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी खांबाला गाडी घासली. आवाज ऐकून इतकी थिजले की दोन सेकंद खरंच बोटं काहीतरी शोधत होती. वॉचमननं "अजून घ्या, अजून घ्या" म्हणायचं थांबवलं नव्हतं.

तर परवा ओंकारनं मला टेबलाशी बसवलंच. "एक फेरी मार, मग बोल." मी सीटबेल्ट शोधला. तो नव्हता. गाडी निघाली. दोन्हीकडे गर्द झाडी, रस्ता उतारावर, डांबरावर कुणी कुणी रंगवलेली अक्षरं. मी साठनं चालले होते आणि मला फार छान वाटत होतं.

"मावशी, मागून गाड्या येतायत."

"येऊ देत की. मी डावीकडे घेते."

उजवा हात आपोआप इंडिकेटरच्या दांडीकडे गेला. दांडी नव्हती. मग व्हीलच्या मधोमध तळवा दाबला, दोनदा. काही वाजलं नाही.

"हॉर्न कुठंय रे?"

ओंकारनं डोक्याला हात लावला. तेवढ्यात ताई पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली, बरणी उचलून तिनं फळीवर ठेवली आणि म्हणाली, "झालं का तुमचं जर्मनी? पानं घ्यायची आहेत."