दहाची ओली नोट

बुधवार, रात्री साडेनऊ

आज गंगेवरच्या (नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारात मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, तीस रुपयांच्या. मी दहाची तीन नाणी पुढे केली तर मावशींनी हातच मागे घेतला. "नाणी नको ताई, पुढं कोणी घेत नाही." मग पन्नासची नोट दिली. बसायच्या गोणपाटाखालून त्यांनी दहाच्या दोन काढल्या. एक पार ओली, मधोमध चिकटपट्टी लावलेली, मातीचा आणि कोथिंबिरीचा वास मारणारी. "सकाळपासनं अशाच येतात बघा," त्या म्हणाल्या. मी गप्प घेतली.

दहाची सगळी नाणी चालतात. तोवर आलेली चौदाही प्रकारची खरी आहेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच सांगितलंय. तरी एक अफवा इतकी वर्षं पुरते, आणि तिचा फटका बसतो तो रोज दहा-दहा रुपये मोजणाऱ्यांना. याची मला मनापासून चीड येते.

आमचं तर नोटेचं मीठ खाल्लेलं घर. बाबांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. नोटेला घडी घालायची नाही, तिच्यावर लिहायचं नाही, ही लहानपणची शिस्त. तरीही मला वाटतं, दहाची नोट आता बंद व्हावी आणि नाणंच राहावं. ओल्या हातांत, घामाच्या खिशात कागद किती टिकणार? आपल्याच सिन्नर तालुक्यात, जोगलटेंभीला, १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. राजा बदलला, नाणं तेच चाललं!

विसाची नोट मात्र अशी घाईने बंद करू नये, कारण नाण्यांचं ओझं होतं. दहाच्या एका नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम, म्हणजे शंभर नाणी पाऊण किलोच्या वर. ते ओझं संध्याकाळी मावशींनीच वाहायचं, आणि बँकेत मोजून घ्यायला कोणी कुरकुरलं तर हेलपाटाही त्यांनाच. बँकांनी नाणी बिनबोभाट घेतली तरच या बदलाला अर्थ आहे.

घरी आल्यावर बाबांनी ती नोट टेबलावर पसरली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, चष्मा वर करून आकडे वाचले. "नंबर शाबूत आहे. बँक बदलून देईल."

उद्या जाते. पुढच्या बुधवारी मावशींना एकच नाणं देऊन बघेन. नाही चाललं तर मी परत घेईन, असं सांगून.