पेन्सिलीची रेघ

‘तुम्ही एवढे शिस्तीचे, हिशेबाच्या वह्यासुद्धा वर्षावार लावणारे. मग पंचगंगेच्या पुरात बुडणाऱ्या घरात राहता कसे?’ शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा हे विचारतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

नदी बेशिस्त आहे असं मला वाटतच नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात चहाच्या आधी विचारतात, ‘किती फुटांवर?’ तिकडं राधानगरीत पाणी 347.50 फुटांवर पोचलं की धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून आपोआप उघडू लागतात. कुणा साहेबाची सही लागत नाही. (आमच्या ऑफिसात असं असतं तर!)

गोंधळ झाला तो माझ्या शिस्तीपायी. 2005 च्या पुराची रेघ मी स्वयंपाकघरात ऑइलपेंटनं ओढून ठेवली होती. तिच्यावर वीतभर जागा सोडून फळ्या ठोकल्या, त्यांवर वह्या, कागदपत्रं, सगळं चिठ्ठ्या लावून. ऑगस्ट 2019 मध्ये घराच्या पायऱ्या बुडाल्या तरी मी शेजाऱ्यांना रेघ दाखवत होतो, ‘ह्याच्या वर येत नाही.’ बंधाऱ्यावरचा आकडा 55 फूट 7 इंचांपर्यंत गेला. तोवर आम्ही बहिणीकडं राजारामपुरीत. परतलो तर फळ्या जागच्या जागी, आणि वह्यांचा लगदा.

वाचली ती आईची गाठोडी. जुन्या लुगड्यांत बांधलेलं काहीबाही, तुळईला टांगलेलं. कशात काय आहे ते तिलाही ठाऊक नसायचं, आणि मी त्यावरून कायम भांडायचो. त्यांत माझा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, वडिलांचा तरुणपणीचा फोटो आणि एक गंजका अडकित्ता. आई म्हणाली, ‘तुझ्या फळीवर नव्हतं ते बरं झालं.’

2021 ला 56 फूट 3 इंच. तेव्हा फळ्यांकडं पाहिलंही नाही. घर विकावं म्हटलं, तर पूररेषेतलं घर घेतंय कोण, हेही आहेच.

आता रेघ पेन्सिलीनं काढतो. वह्या मात्र अजून वर्षावारच, पण गाठोड्यांत बांधून. आईला ते बघवत नाही. म्हणते, ‘गाठोड्याला कुणी नंबर घालतं का रं?’