आमची वाटचाल: भंगारातून उभं राहिलेलं शेड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि फौंड्रीवाले भरपूर. जळक्या क्लचप्लेटा आणि बेअरिंगचे छर्रे जोडून कोंबडा उभा करणारं शेड मात्र आमचंच पहिलं. सुरुवातीला शेजारी हसले, मग फोटो काढायला लागले. पुढे हॉटेलं, शाळा, फार्महाऊस अशी कामं येत गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते घोड्याचं. २०१९ मध्ये दिल्लीत दीडशे टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर वगैरे सात आश्चर्यांचं उद्यान झालं आणि एकाएकी सगळ्यांना चौकात भंगाराचं शिल्प हवंसं झालं. आमच्या भागातल्या एका संस्थेला घोडा पाहिजे होता. आम्ही तोंडी बोलीवरच कामाला लागलो. मान ट्रकच्या कमानपाट्यांची, आयाळ बुलेटच्या चेनची. पुढचा अर्धा घोडा उभा राहिला आणि काम गेलं दुसऱ्याला. नाव घेत नाही, उद्यमनगराला ठाऊक आहे. वेल्डिंगचा टाका मारायला तो आमच्याच शेडात शिकला. त्याने दुकानातून पोत्याने नवेकोरे नट आणले, आम्लात बुडवून गंजवले आणि वर पाटी लावली, 'टाकाऊतून टिकाऊ'. उद्घाटनाला हार-तुरे!

पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच दिसतं आणि बैलही दिसतो. गंजवलेल्या नव्या नटात काय दिसतं? बिल.

इकडे भंगार उधारीवर उचललेलं, त्यात कोरोनाची टाळेबंदी आली. वडिलांचं लेथ विकून पोरांचे पगार भागवले. शेडला कुलूपच लागायचं, पण गडहिंग्लजकडचे आमचे जनावरांचे डॉक्टर आले. पहिला कोंबडाही त्यांनीच घेतलेला. घोड्याच्या मानेवरून हात फिरवून म्हणाले, "खांदा बरोबर जमलाय. मला असाच द्या, अर्धा." घासाघीस न करता रोख पैसे मोजले. वर बैलांच्या खुरांना ठोकतात त्या पत्र्यांचं, म्हणजे झिजलेल्या नालांचं, पोतं दिलं. त्या पत्र्यांची पिसं लावून केलेला मोर आजही आमचा सगळ्यात खपणारा माल आहे.

नव्या पोरांना दोन गोष्टी, विचारल्या नसल्या तरी. बेअरिंगची रिंग ईएन-३१ या कडक पोलादाची असते. थंडीच वेल्ड केली तर टाक्याशेजारी तडकते. आधी तापवा, नंतर राखेत पुरून हळू निवू द्या. बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, वेल्डिंगचा साधा रॉड लावू नका. निकेलचा परवडत नसेल तर पितळेने ब्रेझिंग करा, म्हणजे पितळ वितळवून सांधा. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपचं जस्त घासून काढल्याशिवाय वेल्डिंगचा आर्क लावू नका. त्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, गूळ खाऊन आणि दूध पिऊन तो थांबत नाही. आणि वस्तू कापायची घाई करू नका. पाना पान्यासारखाच राहू द्या, त्याची चोच आपोआप होते. ग्राइंडर जितका कमी फिरेल तितकं काम चांगलं.

चौकातल्या त्या घोड्याचे नट आता गळायला लागलेत. आम्लाने गंजवलेला माल नीट धुवून प्रायमर मारला नाही की असंच होतं. दुरुस्तीसाठी आम्हाला फोन आला होता. आमचा दर सांगितला, आगाऊ रकमेसकट. अजून उत्तर नाही.

डॉक्टरांची यंदाची ऑर्डर कासवाची आहे. ट्रॅक्टरची मोठी, झिजलेली क्लचप्लेट कुणाकडे पडून असेल तर कळवा. नवी नको.