खरखर काढायची का?

जुन्या कॅसेटी कंप्युटरवर उतरवून सीडीवर घ्यायच्या, तर एक लक्षात ठेवा: कॅसेटला घाई चालत नाही. पेनड्राइव्हवरून फायली चुटकीसरशी इकडून तिकडे जातात. कॅसेटची फीत मात्र सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या आपल्या चालीनेच सरकणार. नव्वद मिनिटांची असेल तर नव्वद मिनिटं बसा. त्यात सीडीवर मावतात ८० मिनिटं, म्हणजे वरची दहा कुठे घालायची ते तुमचं तुम्ही बघा.

जोडणी सोपी आहे. कॅसेट वाजवणाऱ्या डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर कंप्युटरच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर उघडून लाल बटण दाबलं की झालं. फक्त आवाजाची पट्टी टोकाला टेकू द्यायची नाही. टेकली की आवाज फाटतो आणि मग तो कुणालाच शिवता येत नाही. खरी मेहनत त्याच्या आधीची. रिळाच्या कडेला पावसाळ्यांनी धरलेली पांढरी बुरशी हलक्या हाताने पुसायची, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने डेकमधलं फीत वाचणारं हेड साफ करायचं. बोळा तपकिरी होतो. तो नुसता मळ नव्हे. फितीवरून झडलेलं आयर्न ऑक्साइड, म्हणजे कुणाच्या तरी गाण्याचा भुगाच.

विकतच्या कॅसेटींसाठी हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती गाणी आता कुठेही मिळतात. दुकानात यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेटींनाही खुशाल निरोप द्यावा. कष्ट घ्यायचे ते घरी भरलेल्यांसाठी. आमच्याकडे अशी एक आहे. वर बाबांच्या अक्षरात ‘आई, दिवाळी ८१’. आत आजीच्या जात्यावरच्या ओव्या.

पहिल्यांदा लावली तेव्हा आजी कांबळं पांघरून गातेय असं वाटलं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवत गेलो आणि एका जागी तिचा ‘श’ लख्ख ‘श’ झाला. गावी विजेचा भरवसा नव्हता म्हणून बाबांनी नॅशनल पॅनासॉनिक टेपरेकॉर्डर सेलवर चालवला होता. सेल उतरत गेले तशी भरताना फीत मंदावली. आता नीट वेगाने वाजवताना आजीचा आवाज चढत जातो. बाजू संपता संपता ती सोळा वर्षांची होते. वेग दुरुस्त करण्याची सोय आहे. मी ती वापरली, पण सोळा वर्षांची आजीही वेगळ्या फायलीत ठेवली आहे.

मग आली खरखर. ती काढायची तर ऑडॅसिटीला आधी नमुना दाखवावा लागतो: हा एवढा तुकडा बघ, यात नुसती खरखर आहे. त्यावरून ते बाकीची खरखर ओळखतं. ओवी सुरू होण्याआधीची काही सेकंदं मी निवडली. त्यात जात्याची घरघर होती. हुकूम पाळण्यात कंप्युटर पक्का. त्याने फितीच्या खरखरीबरोबर जातंही पुसायला घेतलं. उरली नुसती ओवी, पाण्याखालून आल्यासारखी, आणि मध्ये मध्ये कारण नसताना थांबणारी. जातं होतं तेव्हा कळत होतं की तिथे आजी वैरण घालतेय, मूठभर जोंधळे टाकून पुन्हा खुंटा धरतेय. ते सगळं मी जागच्या जागी परत आणलं, खरखरीसकट.

सीडी सगळ्यांना वाटल्या. भाच्याच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आत्या आणि काकांनी मात्र नीट ऐकली, आणि वाद पेटला तो ओव्यांवरून नव्हे. त्याच नमुन्याच्या तुकड्यात कुणीतरी खोकतं. आत्या म्हणाली, हे अण्णा. काका म्हणाले, शक्यच नाही, त्या दिवाळीला अण्णा मुंबईहून आलेच नव्हते, गिरणीने रजा दिली नव्हती. हा शेजारचा कुणीतरी असेल.

आत्या फोनवर एवढंच म्हणाली, “बापाचा खोकला तू मला शिकवू नकोस.”